बूस्ट वाढवायच्या आधी

आमच्या टीममधल्या एका पोराने वर्षभरापूर्वी टर्बो-पेट्रोल गाडी घेतली. परवा बोनस जमा झाला आणि दुपारच्या चहाला त्याने विषय काढला. "ऐक ना, दीड लाख बाजूला काढलेत. आधी काय करू? रीमॅप, एक्झॉस्ट, की मोठा इंटरकूलर?" टपरीवर पाच जण होते, पाचांनी पाच उत्तरं दिली. बहुमत अर्थातच रीमॅपच्या बाजूने.

आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही नाही. साध्या इंजिनाची ताकद वाढवायची तर ते उघडावं लागतं, महागडे भाग घालावे लागतात आणि एवढं करून हाती येते चिमूटभर वाढ. टर्बोवाल्या इंजिनाला लॅपटॉप जोडला, बूस्टचा आकडा वर नेला, की तासाभरात वीस-पंचवीस टक्के जास्त ताकद. आपल्यासारख्या लोकांना तर हे फारच आवडतं. कॉन्फिग फाइल बदलली, सर्व्हर पळायला लागला!

मी मात्र त्या वेळी गप्प बसलो. का ते शेवटी सांगतो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शनिवारी सकाळी टर्बोचा इतिहास पहिल्यापासून मांडून बघितला, आणि लक्षात आलं की "आधी काय बदलू?" हा प्रश्न गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनाही पडला होता. त्यांनी उत्तरं दिली, काही बरोबर आली, काही सपशेल चुकली. मग आपण ते पेपर फुकटात का तपासू नयेत?

तर मंडळी, सुरुवात एका स्विस माणसापासून. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरने १९०५ साली पेटंट घेतलं. कल्पना सोपी. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर बरीच ऊर्जा सोबत घेऊन वाया जातो. त्या धुराने एक पातं असलेलं चाक फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चाक बसवायचं आणि त्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येणार, म्हणजे जास्त ताकद.

मग १९१८. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन ट्रकवर लादलं आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर नेलं. उंची १४,१०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटींहून जास्त. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन वरच्या विरळ हवेत २३० वर आलं. टर्बो लावल्यावर ३५६.

हा आकडा नीट बघा. ३५० चे ३५६. मॉस यांनी इंजिनाकडून काही जास्तीचं मागितलंच नव्हतं. उंचीमुळे जे हरवलं होतं तेवढंच परत दिलं. इंजिन ज्या दाबासाठी बनलं होतं तोच दाब. खरी गंमत (आणि खरा त्रास) सुरू झाला तो सपाटीवरच्या मोटारगाडीत टर्बो बसवून इंजिनाला त्याच्या भुकेपेक्षा जास्त वाढायला लागल्यावर.

इथे थोडंसं फिजिक्स. सायकलला पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. टर्बो म्हणजे तोच पंप, फक्त मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगाने फिरणारा. बाहेर ३० अंश तापमान आहे आणि टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला (म्हणजे १ बार बूस्ट), तर टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरून हवा सुमारे १२५ अंशांवर जाते. मे महिन्यात विदर्भात बाहेरच ४५ असेल तर १४५. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, पण खऱ्या आकड्यांपासून फार लांब नाही.

गरम हवेचे दोन तोटे. एक, ती विरळ असते, म्हणजे दाब वाढवून जे कमावलं त्यातलं बरंच परत गेलं. दोन, आणि हा जास्त वाईट, सिलिंडरमध्ये ठिणगी पडून ज्योत सगळीकडे पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहूनच पेट घेतं. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर आतून हातोडीचे घाव बसत असतात. थोडं असेल तर टकटक आवाज येतो. जास्त असेल तर पिस्टनची कड तुटते किंवा चक्क भोक पडतं. टर्बोचा सगळा इतिहास म्हणजे या एका राक्षसाला बाटलीत ठेवायचा इतिहास आहे.

१९६२ साली जनरल मोटर्सने दोन टर्बो गाड्या बाजारात आणल्या आणि या राक्षसाला दोन वेगळी उत्तरं दिली.

पहिली ओल्डस्मोबिल जेटफायर. ३.५ लिटरचं व्ही८ इंजिन, २१५ हॉर्सपॉवर. त्यांनी इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.२५ इतकं चढंच ठेवलं आणि नॉकिंग आवरायला पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली. त्याला नाव दिलं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. नाव भारी, पण त्या द्रवाची टाकी मालकाने भरत राहायची होती. टाकी रिकामी झाली की एक झडप बूस्ट कमी करायची. झालं काय, लोक टाकी भरायला विसरायचे आणि गाडी मंदावली म्हणून तक्रार घेऊन जायचे. दोन वर्षांत दहा हजारांच्याही आत गाड्या बनल्या आणि १९६५ मध्ये कंपनीने मालकांना टर्बो काढून त्या जागी साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. बऱ्याच जणांनी तो बसवूनही घेतला!

दुसरी शेवरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर, १५० हॉर्सपॉवर. यांनी कॉम्प्रेशन आधी ८ पर्यंत उतरवलं आणि मग टर्बो लावला. पण जास्तीचा धूर बाजूला सोडणारी झडप, जिला वेस्टगेट म्हणतात, ती या गाडीत नव्हती. बूस्ट आवरायचं काम कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर यांचा अडथळा करायचा. म्हणजे सायलेन्सर मुद्दामच तुंबलेला ठेवला होता.

आता असा एक माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याने ही गाडी घेतली आणि पहिला अपग्रेड म्हणून मोकळा सायलेन्सर बसवला. त्याला वाटणार आपण फक्त आवाज बदलला. प्रत्यक्षात त्याने इंजिनाचा एकमेव रखवालदार कामावरून काढून टाकला! जुन्या कोडमध्ये एक विचित्र 'इफ' दिसतो, कशाला आहे कुणालाच माहीत नाही, आपण तो साफसफाई म्हणून उडवतो आणि रात्री दोन वाजता फोन वाजतो. अगदी तसंच.

माझ्या मते सगळ्या अपग्रेडचं सार इथेच आहे. प्रत्येक अपग्रेड म्हणजे कुणीतरी घातलेला एक अडसर काढणं. तो अडसर कशासाठी घातला होता हे आधी कळायला हवं.

पुढे युरोपात चला. बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये २००२ टर्बो आणली. दोन लिटर, १७० हॉर्सपॉवर. पुढच्या बंपरखाली 'टर्बो' ही अक्षरं उलटी रंगवलेली, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटी दिसावीत आणि त्याने बाजूला व्हावं. (आपल्याकडे अँब्युलन्सवर असतात तशी!) इंटरकूलर नव्हता, म्हणून नॉकिंग टाळायला कॉम्प्रेशन पार ६.९ पर्यंत खाली आणलेलं. परिणाम असा की खालच्या फेऱ्यांना गाडी मरगळलेली आणि मग एकदम लाथ बसल्यासारखा जोर. त्यात त्याच वर्षी तेलसंकट आलं. जेमतेम १,६७२ गाड्या बनल्या आणि दुकान बंद.

पोर्शेने १९७४ च्या पॅरिस मोटर शोमध्ये ९११ टर्बो दाखवली. ३ लिटर, २६० हॉर्सपॉवर, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणावर बूस्ट अचानक यायचा, चालक घाबरून पाय काढायचा आणि गाडीची शेपूट पुढे यायची. तिला 'विडोमेकर', म्हणजे बायकांना विधवा करणारी, असं नाव पडलं ते उगाच नाही.

१९७८ मध्ये खुद्द पोर्शेने तिचा अपग्रेड काढला. जगातल्या सर्वात हुशार इंजिनिअरांपैकी काही जण, हाताशी कारखाना, रेसिंगचा अनुभव. त्यांनी काय बदललं? इंजिन ३.३ लिटरचं केलं, मागच्या पंखाखाली इंटरकूलर बसवला आणि ९१७ या रेसिंग गाडीच्या धर्तीचे ब्रेक लावले. ताकद ३०० वर गेली. म्हणजे ४० हॉर्सपॉवर वाढवताना त्यांना हवा थंड करायची आणि गाडी थांबवायची सोय आधी करावीशी वाटली. आपण दीड लाखात त्याहून शहाणे होणार आहोत का?

तिसरं उत्तर स्वीडनचं. साबने १९७७ च्या फ्रँकफर्ट शोमध्ये ९९ टर्बो आणली. दोन लिटर, १४५ हॉर्सपॉवर. आकडा बीएमडब्ल्यूपेक्षा लहान. पण त्यांनी मुद्दाम छोटा टर्बो निवडला, वेस्टगेट लावलं आणि रोजच्या रस्त्यावर, खालच्या फेऱ्यांना जोर मिळेल असं बघितलं. ही टर्बो भाजी आणायलाही नेता यायची. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एपीसी नावाची यंत्रणा दिली. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉकिंग ऐकणारा एक कान बसवला. टकटक ऐकू आली की कॉम्प्युटर स्वतःच बूस्ट उतरवणार. चांगलं पेट्रोल मिळालं तर पूर्ण ताकद, वाईट मिळालं तर कमी, पण इंजिन सुखरूप. आज तुमच्या-माझ्या टर्बो गाडीत जो ईसीयू आहे तो याच घराण्यातला. जेटफायरने जे काम विसराळू मालकावर सोपवलं होतं ते साबने सेन्सरवर सोपवलं. फरक एवढाच, पण पुढची चाळीस वर्षं त्यावर उभी राहिली.

फॉर्म्युला वनमध्येही तीच कथा. १९७७ मध्ये रेनोची पहिली टर्बो गाडी आली, ती इतक्यांदा धूर सोडत बंद पडायची की लोक तिला 'पिवळी किटली' म्हणायचे. १९८३ मध्ये नेल्सन पिकेने टर्बो इंजिनावरचं पहिलं विश्वविजेतेपद मिळवलं, ते बीएमडब्ल्यूच्या दीड लिटर इंजिनावर. त्याचा लोखंडी ब्लॉक त्याच कुटुंबातला, ज्यातलं २००२ टर्बोचं इंजिन होतं. दहा वर्षांपूर्वी ज्या घराण्याच्या इंजिनातून १७० निघत होते, त्यातून १९८६ च्या पात्रता फेऱ्यांमध्ये हजाराच्या वर निघाले. (ती इंजिनं काही फेऱ्यांपुरतीच जगायची, ही गोष्ट वेगळी.) ब्लॉकचं घराणं तेच. बदललं होतं भोवतालचं सगळं, म्हणजे इंधन, थंडावा आणि कंट्रोल.

आता कुणी म्हणेल, "पण कंपन्या मुद्दाम ताकद दाबून ठेवतात, हे तर खरं आहे ना?" हो, कधीकधी अगदी खरं असतं. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण निसानची स्कायलाइन जीटी-आर, १९८९ ची. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की २८० हॉर्सपॉवरच्या वर आकडा सांगायचा नाही, आणि तो अलिखित करार २००४ पर्यंत टिकला. जीटी-आरच्या बूस्टच्या नळीत एक बारीक भोकाची चकती होती. ती काढली की बूस्ट साधारण १ बारवर जायचा. खर्च जवळजवळ शून्य. असा अडसर निव्वळ सभ्यतेचा होता, तो काढायला हरकत नव्हती.

पण त्याच्या मागे दुसरा अडसर लपला होता. टर्बो लवकर फिरावा म्हणून त्यातलं धुराकडचं चाक हलक्या सिरॅमिकचं केलेलं होतं. "१ बार चाललं, मग १.२ का नको" असं म्हणत पुढे गेलेल्यांची ती चाकं दांड्यावरून निखळली. निसानने स्वतः रेसिंगसाठी एन१ आवृत्ती काढली तेव्हा त्यात धातूची चाकं घातली. आणि १९९३ मध्ये रस्त्यावरच्या गाडीची व्ही-स्पेक आवृत्ती काढली, तेव्हा जाहीर आकडा २८० च ठेवून काय दिलं? मोठी चाकं आणि ब्रेम्बोचे ब्रेक. पोर्शेचंच उत्तर, पंधरा वर्षांनी, दुसऱ्या खंडात.

आपल्याकडे बघू. २००१ पासून औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला. २००४ मध्ये ऑक्टाव्हिया व्हीआरएस आली, १.८ लिटर टर्बो-पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर. युरोपातल्या व्हीआरएसला १८०. झालं, "तीस घोडे कुलपात आहेत" ही चर्चा सुरू. पण आपलं साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ ऑक्टेनचं होतं आणि तिकडचं ९५ चं. शिवाय इंजिनाचं नाव एक म्हणून आतला प्रत्येक भाग एक नसतो. याच १.८ टर्बो घराण्यात ऑडी टीटीला २२५ हॉर्सपॉवर होते, पण त्यासाठी मोठा टर्बो आणि एकाऐवजी दोन इंटरकूलर दिले होते.

किंवा चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय घ्या, २०१३ ची. १.२ लिटर, १०५ हॉर्सपॉवर, १७५ न्यूटनमीटर टॉर्क. तिचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स २५० न्यूटनमीटरपर्यंतचा. इंजिन वाढवत नेलं की पुढची भिंत गिअरबॉक्सची, आणि ती भिंत कुठल्याच डायनोच्या कागदावर दिसत नाही.

तर, दीड लाखांचं काय करायचं? इतिहासावरून मला हा क्रम दिसतो.

एक, आधी गाडी आहे तशी निरोगी करा. योग्य ग्रेडचं ताजं ऑइल, नवे प्लग, गळक्या नळ्या बदलणं. आणि एक स्वस्तातलं ओबीडी यंत्र लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान, बूस्ट आणि नॉकिंगमुळे ईसीयू किती माघार घेतोय हे महिनाभर बघा. घाटात, ट्रॅफिकमध्ये, दुपारी. लोड टेस्ट न करता ट्रॅफिक वाढवायचा नाही, हे आपल्याला ऑफिसात पाठ असतं. गाडीत मात्र विसरतो.

दोन, टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. पोर्शे आणि निसान, दोघांचं उत्तर. ही वाढ रोज वापरता येते, घाट उतरताना तर जास्तच.

तीन, थंडावा. नोंदींमध्ये हवेचं तापमान चढत जाताना दिसलं तर चांगला इंटरकूलर. माझ्याच वरच्या हिशेबात १२५ ची हवा ५० वर आणली तर ती वीस टक्क्यांच्या आसपास दाट होते. आणि नॉकिंग लांब जातं ते वेगळंच.

चार, मग माफक रीमॅप. तुमच्या गावात खात्रीने मिळणाऱ्या पेट्रोलवर बेतलेला, आणि करणाऱ्याने आधी-नंतरच्या नोंदी दाखवायच्या अटीवर. त्याने फक्त हॉर्सपॉवर सांगितले आणि नॉकिंगबद्दल विचारल्यावर हसला, तर चहा पिऊन परत या.

मोठा टर्बो आणि मोकळा एक्झॉस्ट यादीत नाहीत. पहिल्या फेरीत तर नाहीतच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीतले तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. वॉरंटी आणि विमा यांचाही विचार पैसे देण्याआधीच करायचा.

आता मी टपरीवर गप्प का होतो ते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक सेकंडहँड टर्बो-पेट्रोल होती. मी सगळ्यात आधी रीमॅप केला होता. दोन महिने स्वर्ग. मग मे महिन्यातल्या एका दुपारी, गाडीत आई-बाबा आणि बहीण, एसी फुल्ल, खंबाटकी घाट. एसटीला ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि अर्ध्यावर गाडीचा जीवच गेला. इंजिन थरथरायला लागलं, मागून ट्रकचा हॉर्न. कसंबसं कडेला घेतलं. बाबा काही बोलले नाहीत. आईने फक्त "उतरू का?" विचारलं.

इंजिन उघडल्यावर एका पिस्टनची रिंगांमधली कड तुटलेली निघाली. दुरुस्तीला रीमॅपच्या कित्येक पट खर्च आला. पण मला आठवतात ते मेकॅनिकचे तीन प्रश्न. प्लग कुठले होते? पेट्रोल कुठलं भरत होता? हवेचं तापमान कधी बघितलं होतं का? तिन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला फक्त हॉर्सपॉवरचा आकडा पाठ होता. कंपनीने ठेवलेली ती सूट माझ्यापासून लपवलेली ताकद नव्हती. ती अशाच दुपारसाठी राखून ठेवलेली होती, आणि मी ती आधीच खर्च करून बसलो होतो.

सोमवारी हे सगळं त्या पोराला सांगणार आहे, खंबाटकीसकट. ऐकेल का माहीत नाही. त्याच्या वयात मी ऐकलं नसतं. पण निदान टायर आणि ब्रेकचे पैसे आधी बाजूला काढ, एवढं तरी कबूल करून घेईन.

असो. लेख जरा लांबला. चहा गार झालाय, आज थंडाव्याबद्दल एवढं लिहिलं तरी चहा मात्र गरमच हवा :-)